दार कोणाच्या हातात

परदेशात मुलांकडे राहून आलेली माणसं आमच्या लालबागेत, म्हणजे मुंबईच्या नव्हे, नेपानगरजवळच्या लालबागेत, आता बरीच झाली आहेत. तिकडच्या गाड्यांचा विषय निघाला की ती स्वच्छतेचं सांगतात, वेळेचं सांगतात, डब्यात कोणी मोठ्याने बोलत नाही हे सांगतात. सोनवणे काका दोन देश पाहून आले होते, पण यातलं काही त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. गाडी जर्मनीची असो, सिंगापूरची असो, नाहीतर आपली भुसावळहून येणारी पॅसेंजर, तिच्याबद्दल त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असे. "दार कोणाच्या हातात असतं?"

मी चांदनी गावच्या शाळेत शिकवते. सकाळची पॅसेंजर पकडायची, दुपारी परतायचं, असं माझं बारा-तेरा वर्षं चाललंय. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच गाडीला काका आणि इंदूकाकू असायचे. ते आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहत. काका उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या बाह्या नेहमी मनगटापर्यंत बटण लावून घातलेल्या. नेपानगरच्या कागद कारखान्यात मशीनवर त्यांची उभी हयात गेली. मशीनच्या आवाजाने कान अधू झाले, म्हणून ते स्वतः फार मोठ्याने बोलत. त्यांना वाटे की आपण हळू बोलतोय, आणि अख्ख्या डब्याला त्यांच्या घरातलं सगळं कळे.

काकूंना विसरायला होत होतं. सुरुवात मिठा-साखरेपासून झाली, मग माणसांची नावं गेली. रोज सकाळी उठल्या की त्या पायात चपला घालून दाराशी उभ्या राहत. "चला, घरी जाऊ. नळ जाईल." घर म्हणजे नेपानगरच्या कॉलनीतलं क्वार्टर. ते सोडून त्यांना सात वर्षं झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाद घालू नका. म्हणून काका त्यांना आठवड्यातून दोनदा पॅसेंजरने नेपानगरला नेत. क्वार्टरसमोर दहा मिनिटं उभं राहायचं. काकू म्हणायच्या, "आपल्या अंगणात कोणी कपडे वाळत घातले?" काका म्हणायचे, "घालू दे." मग दोघं परत यायचे. त्यानंतर दोन दिवस काकू शांत असायच्या.

गाडीत चढण्याची काकांची एक रीत होती. गाडी थांबली, उतरणारे उतरले, तरी ते पुढे होत नसत. आधी काकूंना चढवत, एक हात त्यांच्या पाठीला, दुसरा दांडीला. आत गेल्यावर त्यांना दारापासून लांबच्या खिडकीशी बसवत आणि आपण कडेला बसून पाय आडवा टाकत. शिवाय काकूंच्या पदराचं टोक स्वतःच्या मनगटाला एक वेढा देऊन धरलेलं. तसे ते चांदनीपर्यंत बसलेले मी पाहायची, पुढेही तसेच जात असतील. गाडीत त्यांनी कधी पाठ टेकली नाही. कोणी दारात पाय सोडून बसलेलं दिसलं की ते डोळे बंद करून घेत.

नवीन ओळख होती तेव्हा मी एकदा विचारलं, "काका, पदर कशाला धरून ठेवता? त्या काय गाडीतून उडी मारणार आहेत?"

मी हसत विचारलं होतं. ते हसले नाहीत.

"जर्मनीत एकदा सोडला होता," ते म्हणाले.

त्यांची मुलगी वैशाली तिकडे असते. तिच्या बाळंतपणानंतर दोघं तीन महिने गेले होते. तेव्हा काकूंचं दुखणं नीट कळलं नव्हतं, वयामुळे होतं असं सगळे धरून चालले होते. एका सकाळी वैशाली बाळाला झोपवत होती, म्हणून दोघंच जमिनीखालच्या गाडीने बाजारात निघाले. चार स्टेशनं, सरळ रस्ता, आधी दोनदा गेलेले.

"मी आत चढलो, बेटा. ती मागंच होती. फलाटावर एक बाई कुत्रं घेऊन उभी होती, ही त्या कुत्र्याकडं पाहत राह्यली. दार लागायच्या आधी बारीक वाजतं म्हणे. माझ्या कानाला ते आलंच नाही. वळून पाहतो तं मधे काच."

काकू खिडकीतून केळीच्या बागा बघत होत्या.

"काचेच्या पलीकडून ती माझ्याकडं पाहून हसली. तिला वाटलं, मी कुठं जाऊन येतोय. मी बटण दाबलं, काच ठोकली. गाडी सुटली. साखळी शोधली. आपल्या डब्यात साखळी कुठं असते ते मी डोळे बंद करून सांगीन. तिथं लाल मूठ होती म्हणे, मला काय माहीत. एक म्हातारा उठला आणि त्यानं मला आपली जागा दिली. त्याला वाटलं, मला चक्कर येऊ राह्यली."

पुढच्या स्टेशनवर ते उतरले. उलट दिशेचा फलाट कुठला ते कळेना. दोन जिने चढले, एक उतरले. नावं सगळी लांबलचक, सगळी सारखीच दिसणारी. परत त्या जागी पोचले तेव्हा फलाटावर वेगळी माणसं होती. कुत्र्याची बाई नव्हती आणि काकू नव्हत्या. काकूंकडे मोबाईल नव्हता, नंबर पाठ नव्हता, पर्समध्ये एक रुमाल आणि देवीचा अंगारा.

तीन तासांनी सापडल्या. मागून आलेल्या गाडीत त्या आपणहून चढल्या होत्या आणि शेवटच्या स्टेशनपर्यंत बसून राहिल्या होत्या. तिथे ड्रायव्हर गाडी रिकामी झाली का हे पाहत सगळ्या डब्यांतून फिरला, तेव्हा त्याला दिसल्या. त्याने पोलिसांना बोलावलं. काकू त्यांना पुन्हा पुन्हा नेपानगर सांगत होत्या आणि त्यांच्या यादीत ते स्टेशन नव्हतं. इकडून वैशालीने फोन केला होता, म्हणून जुळलं. काका गेले तेव्हा काकूंच्या अंगावर कोणाचं तरी जाकीट होतं आणि पुढ्यात चहा.

"वाईट तिथं कोणीच नव्हतं," काका म्हणाले. "गाडी वेळेवर सुटली. दार नेमानं लागलं. मी रागवू कोणावर? त्याचंच भेव वाटतं बेटा. कोणाचं काही चुकलं नाही आणि बाई गेली."

असीरगड रोड स्टेशन गेलं, चांदनी आलं. मी उतरले. उतरताना मी दारातली दांडी घट्ट धरली होती. आधी मी तशी धरत नसे.

जर्मनीहून आल्यावर काकांनी एक काम केलं. पांढऱ्या कापडाचे तुकडे कापून त्यांवर न पुसणाऱ्या शाईने आपला मोबाईल नंबर लिहिला, मराठी आकड्यांत एकदा आणि इंग्रजी आकड्यांत एकदा, आणि काकूंच्या प्रत्येक साडीच्या पदराला आतून शिवला. कारखान्यातल्या माणसाचे टाके होते, जाड आणि सरळ. पुढच्या वर्षी ते नितीनकडे, म्हणजे मुलाकडे सिंगापूरला गेले, तेव्हा काकूंच्या पंजाबी ड्रेसलाही ते तुकडे होते.

सिंगापूरच्या गाड्यांचं ते जास्त बोलत. तिथे फलाटाच्या कडेलाच काचेची भिंत आहे. गाडी आली की भिंतीचं दार आणि गाडीचं दार एकासमोर एक उघडतं, त्यामुळे रुळांवर पडायची सोय नाही. हे त्यांना फार पटलं होतं. पहिल्या दिवशी ते त्या भिंतीला हात लावून उभे राहिले होते. पण नितीनने कौतुकाने सांगितलं, "पप्पा, या गाडीला ड्रायव्हर नाही." यांना खरं वाटेना. गाडीत पार पुढे चालत गेले. पुढे नुसती काच, काचेतून दिसणारा बोगदा, आणि काचेला नाक लावून उभी असलेली एक लहान मुलगी.

"दांडीच धरली मी," ते म्हणाले. "म्हटलं, इथं काही झालं तं सांगायचं कोणाला?"

त्याच गावात दुसरी एक गोष्ट घडली. काका तिकिटाच्या फाटकातून पलीकडे गेले आणि काकू अलीकडेच थांबल्या. फाटक मिटलं. तेवढ्यात गणवेशातला एक तरुण आला, काकूंच्या समोर वाकून उभा राहिला, बाजूचं रुंद फाटक उघडलं, खुर्ची आणून दिली. काकू त्याच्याशी मराठीत बोलल्या, तो मान हलवत राहिला. नितीनने नंतर सांगितलं की अशी माणसं ओळखायचं त्यांना शिकवलेलं असतं. काकांनी ती गोष्ट मला निदान पाच वेळा सांगितली असेल. दर वेळी शेवटी म्हणायचे, "शिकवलेलं असतं. म्हणजे आपली एकटीच तशी नाही."

आपल्या पॅसेंजरला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. तिला उशीर व्हायचा, ती कुठेही थांबायची, दारं सताड उघडी. काका म्हणत, "इथं भेव डोळ्यांना दिसतं तरी." शिवाय गाडीत सगळे ओळखायचे. चणेवाला काकूंना दर वेळी विचारायचा, "माई, घर चल्ली?" काकू म्हणायच्या, "हो, नळ जाईल." मला वाटायचं, इथे त्या हरवणार नाहीत. काकांनाही तसंच वाटत असावं.

मार्चमध्ये, रविवारी, काका अंघोळीला गेले असताना काकू निघून गेल्या. दाराला वरची कडी होती, ती लावायची राहिली होती. दहा मिनिटांत काका ओल्या केसांनी माझ्या दारात आले. त्यांचा आवाज त्या दिवशी हळू होता.

"रेखा, इंदू आली का इकडं?"

आम्ही आधी स्टेशनवर धावलो. ती पॅसेंजर कधीच गेली होती. चणेवाला म्हणाला, "आज नहीं दिखी माई." मग ऑटोच्या थांब्यावर विचारलं. एक ऑटोवाला म्हणाला, हिरव्या साडीतल्या एका आजींना कोणीतरी शहराकडे नेलं. दुसऱ्याने फोन करून आणखी दोघांना विचारलं. तिसऱ्या फोनवर उत्तर आलं की एक म्हातारी बाई नदीवर, राजघाटाकडे पायी जाताना दिसली.

काकांनी माझा दंड धरला. मी त्यांना ऑटोत बसवलं. त्या ऑटोला दार नव्हतं. काका मधल्या दांड्याला धरून बसले होते. किल्ल्याजवळ एकदा म्हणाले, "तिकडं ठायी ठायी कॅमेरे होते. आपण कोणाला विचारायचं?"

राजघाटावर रविवारची गर्दी होती. बायका कपडे धूत होत्या, मुलं पाण्यात होती. खालच्या पायरीवर, अर्धी पाण्यात, काकूंच्यासारखीच एक हिरवी साडी पडली होती. काका वरच थांबले. तोंड भिंतीकडे करून म्हणाले, "तू पाह्य."

मी खाली गेले. त्या वीस-पंचवीस पायऱ्या मला अजून स्वप्नात दिसतात. साडीजवळ जाऊन मी वाकले तेव्हा मागून एक बाई ओरडली, "ए ताई, मेरी है, धो रही हूं." मी वर पाहिलं. काका अजून भिंतीकडेच तोंड करून उभे होते. मी हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही. मला वर चढून जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावावा लागला, आणि हात लागताच ते खालीच बसले.

ज्या बाईला पायी जाताना पाहिलं होतं तीही घाटावरच भेटली. ती दुसरीच कोणी होती. पोलिसांत कळवलं. बसस्टँडवर गेलो, सगळ्या गाड्यांमधून चढून-उतरून पाहिलं. तीन वाजले, चार वाजले. काकांनी सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. पाच वाजता त्यांचा मोबाईल वाजला. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

पलीकडे एक मुलगी होती. "कौन बोल रहे? एक आजी बसल्याय आमच्या शेतात. त्यांच्या पदराला हा नंबर आहे."

खंडव्याच्या रस्त्यावर, नेपानगरकडे वळणाऱ्या फाट्याजवळ केळीची बाग होती. बागेत केळीचे घड ट्रकमध्ये भरत होते. एका बसने त्यांना फाट्यावर उतरवलं होतं आणि उन्हात इकडेतिकडे चालून काकू दहाच्या सुमारास तिथे आल्या होत्या. बागेच्या मालकिणीने त्यांना सावलीत बसवलं, भाकर दिली. नाव-गाव विचारलं तर काकू म्हणायच्या, "नळ जाईल." मालकिणीला वाचता येत नव्हतं. दुपारी काकू रडायला लागल्या, पदराने डोळे पुसायला लागल्या, तेव्हा तिला आत शिवलेला तुकडा दिसला. तिची मुलगी मामाकडे गेली होती. ती परत आली तेव्हा तिने आकडे वाचले.

आम्ही पोचलो तेव्हा काकू केळीच्या पानावर पाय पसरून बसल्या होत्या. तळव्यांना फोड आले होते. काकांना पाहून म्हणाल्या, "इतका वेळ?"

काका त्यांच्याजवळ मातीत बसले. पदराचं टोक हातात घेतलं आणि टाके पुन्हा पुन्हा अंगठ्याने चाचपत राहिले, कुठे उसवलेत का ते पाहत असल्यासारखे.

दोन दिवसांनी ते बसस्टँडवर गेले आणि त्या बसचा कंडक्टर शोधून काढला. मी बरोबर होते. मला वाटलं, भांडण होईल. काकांनी त्याला फक्त विचारलं, की तुम्ही बाईला मध्येच का उतरवलं.

तो तरुण होता. घाबरला. "बाबूजी, वो नेपानगर नेपानगर बोल रही थीं. मेरी गाड़ी खंडवा जाती है. फाटे पे उतार दिया, वहां से दूसरी मिलती है. और क्या करता?"

काकांनी थोडा विचार केला. "तुझं बरोबर आहे," म्हणाले. परत येताना ऑटोत घर येईपर्यंत दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून ठेवले.

त्या रात्री नाही, पण त्या आठवड्यात दोन्ही मुलांशी मोबाईलवर बोलणं झालं. काका ओट्यावर बसून, फोन स्पीकरवर लावून मोठ्याने बोलत, त्यामुळे ते मी माझ्या ओट्यावरून ऐकलं. वैशाली म्हणत होती, इथे तीन तासांत सापडली होती पप्पा, तिथे सकाळची संध्याकाळ झाली. नितीन म्हणत होता, माझ्याकडे तर हरवलीच नाही. काका म्हणाले, "तिकडं गाडीला ड्रायव्हर नाही रे." नितीन म्हणाला, "पप्पा, पण माणसं आहेत ना." काका म्हणाले, "तिला तिथं नेपानगर कुठून दाखवू?"

पॅसेंजरने जाणं त्यांनी बंद केलं. दाराला खाली, वर आणि मधे अशा तीन कड्या लावल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी मी स्टेशनला निघाले की आतून काकूंचा आवाज येई, "अहो, उघडा ना." त्या दाराजवळून जायचं मला नको वाटायला लागलं. मी मागच्या गल्लीने जायला लागले. एकदा काकांनी मला तिकडून जाताना पाहिलं. मला वाटतं, सिंगापूरला जायचं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं.

नितीनने लांब मुदतीच्या व्हिसाचं काम करून घेतलं आणि जूनमध्ये त्यांना न्यायला आला. मुंबईपर्यंत गाडीने, पुढे विमान. गाडी दुपारची होती. मी निरोप द्यायला गेले. नितीन दोन मोठ्या बॅगा घेऊन डब्याच्या खुणेपाशी उभा होता. काकूंनी हिरवीच साडी नेसली होती.

गाडी लागली. नितीनने बॅगा चढवल्या. काकांनी सवयीने काकूंच्या पाठीला हात लावला, आणि काकूंनी तो झटकला.

"कोण तुम्ही? हात काय लावता?"

काका दोन पावलं मागे सरले. काकू माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझा हात पकडला. "बाई, या माणसाला सांग. मी याला ओळखत नाही." त्यांची नखं माझ्या तळव्यात रुतत होती. नितीन दारातून म्हणाला, "आई, चल ना, पप्पा आहेत ते." काकूंनी त्याच्याकडेही अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. माणसं पाहायला लागली. सिग्नल पडलेला होता. गाडी तिथे फार थांबत नाही. ओढून चढवावं म्हणून नितीन खाली उतरायला लागला, तर काकांनी हाताने त्याला तिथेच थांबवलं.

मग ते काकूंच्या समोर आले, पण जरा अंतर ठेवून. शर्टाची बाही सारखी केली. आणि त्यांच्या तोंडून मी इतका हळू आवाज त्याआधी फक्त एकदाच ऐकला होता.

"ताई, नेपानगरला जायचं ना तुम्हाला?"

काकूंनी मान हलवली.

"हीच गाडी. मी पण तिकडंच चाललोय."

काकूंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "एकटेच?"

"नाही. मंडळी आहे सोबत. ती पुढं जाऊन बसलीय. जागा धरून."

गाडीने शिटी दिली. माझ्या हातावरची काकूंची पकड सैल झाली.

"मग उभे काय राहिलात?" त्या म्हणाल्या. "चला लवकर. वाट पाहत असेल ती."

त्यांनी आपणहून दांडी धरली आणि चढल्या. काका त्यांच्या मागे चढले, हात न लावता, दोन्ही हात त्यांच्या पाठीमागे उघडे धरून. गाडी हलली. नेपानगर डावीकडे राहिलं आणि गाडी उजवीकडे, भुसावळच्या बाजूला निघाली. खिडकीत मला काकू दिसल्या. त्या समोर बसलेल्या काकांना काहीतरी विचारत होत्या, आणि काका कानामागे हात धरून, पुढे वाकून, परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने उत्तर देत होते.